उघड्या आभाळाचा फोन

उसातनं फोन निवडायला दोन दिवस घेतले. मेव्हणा मात्र त्याला निवडावा लागला नव्हता, तो लग्नात बायकोबरोबर आपोआप मिळाला होता. फोनच्या बाबतीत उसात अजिबात फसला नाही. फोन अव्वल निघाला, आजही आहे.

दुकान सामारिंडा शहरात, नदीकाठच्या रस्त्यावर. काचेच्या पेटीवर तीन फोन मांडून ठेवलेले आणि समोर उसात मुलगी बघायला आल्यासारखा गुडघ्यावर हात ठेवून गप्प. साधा मोबाईल त्याच्या गावात, लोंग सुलितमध्ये, नारळ फोडायच्या कामाचा. मनोराच नाही. आणि गावाच्याही वर, नदी पायानं ओलांडता येते त्या डोंगरात, त्याची टोळी अगरूचं लाकूड शोधायला आठवडेच्या आठवडे जायची. तिथून कुणाला हाक मारायची तर उपग्रहावरून बोलणारा फोनच हवा.

हवाच होता. गेल्या मोसमात उसातचा जिवलग जोडीदार बिलुंग याचा धाकटा भाऊ आपुई त्याच जंगलात गेला. वठलेली फांदी अंगावर पडली, बरगड्या आत घुसल्या. टोळीनं त्याला वेताच्या झोळीत घालून खाली आणलं, आळीपाळीनं खांदा देत, आणि विमानपट्टी दिसायच्या आधीच झोळी जड झाली. वेळेवर एक निरोप पोचला असता तर हेलिकॉप्टर वर आलं असतं. तेव्हापासून बिलुंगचा एकच धोशा होता. "फोन आण. महाग आण, स्वस्त आण, पण आण. हाक मारली आणि ऐकायलाच कुणी नाही, असं आता पुन्हा व्हायला नको." सगळ्या लांबघरानं, म्हणजे एकाच लांब छपराखाली राहणाऱ्या साऱ्या कुटुंबांनी, डुकरं विकली, भात विकलं, आणि पैसे उसातच्या हातात दिले. उसात टोळीचा म्होरक्या. शिवाय त्याचा मेव्हणा येरेमी शहरातला, चार बुकं शिकलेला, बुटांना पॉलिश करणारा. तो सोबत असल्यावर काळजी कसली?

"हा स्वस्त," दुकानदार पहिल्या फोनवर बोट ठेवून म्हणाला. "याचा उपग्रह आभाळात एका जागी बसून असतो. त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं. मध्ये डोंगर आला की हा मुका."

"आमच्याकडे सगळं मध्येच येतं," उसात म्हणाला.

"मग हा दुसरा. याचे उपग्रह फिरते आहेत. एक डोंगराआड गेला की मागून दुसरा येतो. फक्त डोक्यावर आभाळ हवं. दाट झाडीखाली हाही आंधळा. नदीत, ओढ्यात, मोकळ्या जागेत एकदम खणखणीत."

"आणि हा तिसरा?"

"दुसऱ्याचाच भाऊ. पण याला हे लाल बटण आहे. दाबलं की तुम्ही कुठे आहात ते बरोबर कळतं, मदत तिथंच येते."

दुकानदारानं त्याला फोन तपासायला बाहेर रस्त्यावर नेलं. आता फोन करायचा कुणाला? गावात कुणाकडे लागणार नाही, म्हणून उसातनं शेजारीच उभ्या असलेल्या येरेमीला लावला.

"काय दाजी, येतंय का ऐकू?" येरेमी म्हणाला, आणि क्षणभरानं तेच वाक्य उसातच्या कानात परत आलं.

"अरे, हा तर तू बोलून झाल्यावर बोलतो!"

"आभाळात जाऊन येतो तो, दाजी. थोडा दम तर खाणारच."

दोघं पोट धरून हसले. येरेमीवर उसातचा जीव होता, हे इथं सांगून ठेवलेलं बरं. उरिंगशी लग्न झालं तेव्हा येरेमी एवढासा होता. उसातच्या होडीत, उसातच्या पायांत बसून तो पहिल्यांदा शाळेला गेला. त्याच्या फीसाठी उसात एक अख्खा पावसाळा जंगलात राहिला होता, आणि ते त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

उसातला दुसरा फोन घ्यायचा होता. जितकी बटणं जास्त तितका बिघाड जास्त, असं त्याचं साधं गणित. येरेमीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दाजी, आपुईच्या वेळी तुमच्याकडे हे बटण असतं तर?"

तिसरा फोन पेटीत भरला गेला. मग दुकानदार आणि येरेमी संगणकासमोर बसून भराभर बोलू लागले. उसातला त्यातलं चार आण्याचं कळत होतं.

"यांचा मेल काय?" दुकानदारानं विचारलं.

"आमच्याकडे पोस्टमन वर्षातून एकदा येतो," उसात म्हणाला.

"माझा घाला," येरेमी हसत म्हणाला.

"ठावठिकाणा कुणाला कळत राहू दे?"

"घरच्यांना," येरेमी म्हणाला.

उसातनं हे ऐकलं आणि समाधानानं मान डोलावली. लाल बटण दाबलं की घरच्यांना कळणार, असंच तो समजला. निघताना येरेमीनं बजावून सांगितलं, "फोन बंद करू नका बरं का, दाजी. पिशवीत वरच्या कप्प्यात ठेवा, चालूच असू दे. वेळेवर सुरू होईतो माणूस मरतो."

गावात फोनचं स्वागत नव्या सुनेसारखं झालं. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली. मग पुई लावाय, लांबघराचे सगळ्यांत वडीलधारे, त्यांनी फोन कानाला लावून उलटा धरला आणि "याला तंबाखूचा वास नाही," म्हणून परत दिला. पण पुईंनी एक नियम मात्र घातला. जंगलाचं बोलणं या फोनवरही जंगलासारखंच बोलायचं. कुठं चाललो ते सांगायचं नाही. अगरूचं नाव काढायचं नाही.

हा नियम काही नवा नव्हता. वर निघालेला माणूस "मासे बघून येतो" म्हणतो, आणि घरातली बाई कुठले मासे असं विचारत नाही. विचारलं तर जंगल ऐकतं आणि झाडातलं काळं लाकूड पांढरं होतं, असं मानतात. मानत नाहीत तेही विचारत नाहीत, कारण जंगल ऐको न ऐको, शेजारी नक्की ऐकतात. उरिंगनं लग्नापासून एकदाही विचारलं नव्हतं. आपुईला झोळीतून आणला त्या दिवशीसुद्धा तिनं फक्त झोळीच्या मागून चालत येणाऱ्यांत नवऱ्याचं तोंड आहे का ते पाहिलं आणि मग खाली बसून घेतलं.

लपवण्यासारखंही तसंच होतं. उसातच्या बापानं आणि बिलुंगच्या बापानं मिळून तरुणपणी एक झाडी शोधली होती. अगरूच्या शंभर झाडांत एखाद्याच्या पोटात काळं, सुगंधी लाकूड धरतं. या झाडीत जवळपास प्रत्येकाच्या पोटात होतं. दोघांनी एकही झाड पाडलं नाही. खोडाला खिडकी पाडायची, काळं तेवढं खरवडून घ्यायचं, जखम तशीच ठेवून यायचं. झाड जखमेभोवती पुन्हा काळं धरतं. दोन घरं त्यावर पोसली, पोरांची शिक्षणं झाली, येरेमीचे बूटही त्यातलेच. जागा फक्त त्या दोघांना ठाऊक. दोघं गेल्यावर उसातला आणि बिलुंगला. टोळीचे बाकीचे लोक खालच्या तळावर थांबायचे, त्यांच्या त्यांच्या झाडांमागे जायचे, आणि शेवटची वाट ही दोघंच चालायची.

फोन आल्यावरच्या पहिल्या खेपेला तो उसातच्या पिशवीत होता, वरच्या कप्प्यात, चालू. तळावरून त्यानं घरी फोन लावला. शाळेला नुकतीच इंटरनेटची तबकडी बसली होती आणि मास्तरांच्या मोबाईलवर उरिंगला बोलता यायचं.

"मासे कसे आहेत?" उरिंगनं विचारलं.

"मासे चांगले आहेत. आज झाडावर चढले होते."

बिलुंगनं हसून हसून तोंडातला भात सांडला. "अरे, असं बोललास तर मास्तर उद्या गळ घेऊन झाडावर बसतील!"

मग दोघंच निघाले. आणि जशी बापांनी शिकवली होती तशी मागची वाट पुसत निघाले. मातीत पाय टेकवायचा नाही. फांदी तोडायची नाही, वाकवून सोडायची. कुत्रा घ्यायचा नाही. सगळ्यांत मुख्य म्हणजे ओढ्यातून चालायचं, गुडघाभर पाण्यातून, कितीही थंडी वाजली तरी, कारण पाणी पाऊल धरून ठेवत नाही. दुसऱ्या धबधब्याशी पूर आला तर दोघं दिवसभर खडकावर माकडासारखे बसून राहिले, पण काठावरच्या झाडीतून वाट काढली नाही. बापांच्या वेळेपासून त्या ओढ्याचा माग कुणी काढला नव्हता.

झाडी शाबूत होती. त्यांनी काळं काढलं, खिडक्या साफ केल्या, आणि तसेच पाण्यातून परत आले. मोसम चांगला गेला. आपुईच्या विधवेचा वाटा बिलुंगनं न सांगता मोठा केला, उसातनं न सांगता आणखी मोठा केला, आणि मग ते कळल्यावर दोघं एकमेकांवर खेकसले.

पुढच्या मोसमात ते परत गेले तेव्हा झाडी नव्हती.

म्हणजे झाडं होती, पण सगळी आडवी. करवतीनं कापलेली, पोटं फाडलेली, काळं होतं नव्हतं ते सगळं उपसून नेलेलं. ज्यांच्यात अजून धरायचं होतं तीही उगाच चिरून टाकलेली. भुसा पावसानं कुजला होता. जेवणाची रिकामी पाकिटं, तेलाचा डबा, एका खोडावर वाळत घातलेला आणि विसरलेला सदरा. कापणारे खालच्या मुलखातले लोक होते, आणि त्यांना वाट शोधत फिरावं लागलं नव्हतं. ते सरळ आले होते, त्याच ओढ्यातून.

बिलुंग एका बुंध्यावर बसला. त्याला हुंदका आला की हसू, ते उसातला कळलं नाही. "आपल्या बापांनी याला कधी कुऱ्हाड लावली नाही रे," तो म्हणाला. "एकदाही नाही." मग त्यानं वर पाहिलं. "कोण असेल?"

उसातच्या मनात एक हिशोब आपोआप मांडला गेला होता आणि तो थांबवता येत नव्हता. जागा दोघांना माहीत. मी बोललो नाही. मग राहिलं कोण?

एकदा संशय शिरला की त्याला खायला सगळीकडे मिळतं. बिलुंग मधल्या काळात खाली बहिणीकडे जाऊन आला होता. बिलुंगच्या होडीला नवं इंजिन आलं होतं, बहिणीनं दिलं म्हणे. बहिणी कधीपासून इंजिनं द्यायला लागल्या? परतीच्या वाटेवर उसात पुढे चालला आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. बिलुंगनं दोनदा विनोद करून पाहिला. तिसऱ्यांदा त्यानं केला नाही.

गावात आल्यावर उसातनं पुईंकडे जाऊन दात मागितला.

लांबघरात बिबट्याचा एक दात आहे, पुईंच्या पेटीत, कापडात गुंडाळलेला. त्याच्यावर हात ठेवून खोटं बोलणारा वर्ष पुरं करत नाही. पाद्रीबाबांना हे आवडत नाही, ते बायबल आणा म्हणतात. पुई म्हणतात, "बायबल आणा की. बायबल खोटं बोलणाऱ्याला माफ करतं, दात करत नाही. दोन्ही ठेवू." दात काढणं ही साधी गोष्ट नव्हे. ज्याच्यापुढे तो ठेवतात त्याला सगळ्यांसमोर विचारल्यासारखं होतं की तू चोर आहेस का? म्हणून भावाभावांत दात काढत नाहीत. उसातला हे माहीत होतं. तरी त्यानं मागितला. झाडी गेल्याचं दुःख होतंच, पण जिवाभावाच्या माणसानं केसानं गळा कापला, हे त्याला जेवू देत नव्हतं.

व्हरांड्यात सगळं लांबघर जमलं. पुरुष पुढे, बायका भिंतीशी. उरिंग त्यांच्यात होती, मांडीवर कुणाचं तरी पोर घेऊन. पुईंनी चटईवर दात ठेवला, शेजारी बायबल.

"कुणापुढे सरकवू?" त्यांनी विचारलं.

उसातनं हात पुढे केला, दात उचलला, आणि स्वतःच बिलुंगपुढे सरकवला.

बिलुंगचा चेहरा पहिल्यांदा नुसता कोरा झाला, हाक ऐकू न आलेल्या माणसासारखा. मग त्याला कळलं. "माझ्यापुढे?" तो म्हणाला. "उसात, माझ्यापुढे?"

"जागा दोघांनाच ठाऊक होती."

"हो ना. दोघांना." बिलुंगनं इकडे तिकडे पाहिलं, कुणी हसतंय का म्हणून. कुणीच हसत नव्हतं. त्यानं दातावर हात ठेवला. "मी कुणाला सांगितलं असेल तर मी आपुईच्या मागे जावं, आणि त्याच्यापेक्षा वाईट जावं." मग हात उचलून तो सदऱ्याला पुसत उभा राहिला. "झालं तुझं समाधान?"

उसातचं समाधान झालं नव्हतं. बिलुंगनं त्याच आठवड्यात बिऱ्हाड नदीपलीकडच्या शेतावरच्या झोपडीत हलवलं, टोळी सोडली. उसात रोज सकाळी पलीकडून धूर निघतोय का ते बघायचा. धूर दिसला की त्याला राग यायचा, आणि एखाद्या सकाळी उशिरा दिसला की उसात पाण्यापर्यंत उतरून यायचा. बिलुंग मरावा असं त्याला वाटत होतं का? त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

पावसाळा गेला. बिलुंग मेला नाही. त्याला साधी सर्दीसुद्धा झाली नाही. लांबघरातली माणसं उसात दिसला की गप्प होऊ लागली.

एके दिवशी उरिंग अंगणात भात पाखडत होती. उसात कोयत्याला धार लावता लावता म्हणाला, "एकटाच वर जाऊन येतो. एखादं रोप तरी राहिलं असेल. बघतो."

"पाणी उतरू दे आधी," उरिंग सूप न थांबवता म्हणाली. "नाहीतर पुन्हा त्या दुसऱ्या धबधब्यापाशी अडकाल. त्या दिवशी अख्खा दिवस ठिपका तिथून हलला नव्हता. मी घोटभर पाणीसुद्धा प्यायले नव्हते."

उसातचा हात थांबला. "कसला ठिपका?"

सूपही थांबलं. उरिंगच्या तोंडचा रंग उतरला.

"उरिंग, कसला ठिपका?"

"मार्थाचे बाबा, ओरडू नका."

"मी ओरडतोय का?"

नव्हता ओरडत. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. ती सूप बाजूला ठेवून बोलू लागली. फोन घ्यायच्या आधी तिनंच येरेमीला सांगितलं होतं, की यांना असा फोन दे ज्यात मला कळेल हे जिवंत आहेत. आपुईच्या झोळीमागून येणारी तोंडं मोजायची पाळी तिला पुन्हा नको होती. विचारायची तर बंदी. मग न विचारता कळलं तर जंगल काय ऐकणार होतं? येरेमीनं लेकीच्या, मार्थाच्या, जुन्या मोबाईलमध्ये काहीतरी घातलं. शाळेच्या ओट्यावर बसलं की चित्र यायचं, हिरवंगार, आणि त्यावर उसातचा ठिपका. थोड्या थोड्या वेळानं एक. "ठिपका सरकला की मी उठायचे," ती म्हणाली, "आणि चूल पेटवायचे."

"आणि येरेमीला ते चित्र दिसायचं."

"फोन त्याच्याच नावावर आहे ना."

उसातला आता सगळं दिसू लागलं, नको इतकं स्वच्छ. दाट झाडीखाली फोन आंधळा, दुकानदार म्हणाला होता. ते बाकीच्या माणसांसारखे झाडीतून चालले असते तर त्या चित्रावर काही उमटलं नसतं. पण पाऊल लपवायचं म्हणून ते ओढ्यातून गेले, आणि ओढ्यावर आभाळ उघडं असतं. त्यांनी मातीवरून पुसलेलं प्रत्येक पाऊल पिशवीतला फोन वर पाठवत होता. बापांनी शिकवलेली सगळी हुशारी वापरून, गुडघे गारठवून, त्यांनी स्वतःच्या हातानं चोराला वाट आखून दिली होती.

"तुला कधी कळलं?" त्यानं विचारलं.

उरिंगनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"दात काढला त्याच्या आधी का नंतर?"

"आधी," ती म्हणाली. "तुम्ही झाडी गेल्याचं सांगितलंत, तेव्हाच मी त्याला विचारलं. तो रडला हो. म्हणाला, एकदाच चुकलं, ताई, बोलू नकोस, दाजी मला जिवंत सोडणार नाहीत."

"तू भिंतीशी बसली होतीस. बिलुंगनं दातावर हात ठेवला तेव्हा तू तिथं होतीस."

"तो माझा भाऊ आहे, मार्थाचे बाबा."

"आणि बिलुंग माझा कोण होता?"

ती रडू लागली. एरवी ती रडली की उसात कावराबावरा व्हायचा. आज तो उठला, पिशवीतून फोन काढला आणि नदीच्या वाळवंटात जाऊन उभा राहिला, जिथं आभाळ भरपूर होतं.

येरेमीनं पहिल्या घंटीलाच उचलला. "बोला दाजी! मासे काय म्हणतात?"

"मासे कुणाला विकलेस?"

मध्ये ती आभाळात जाऊन यायची शांतता. ती नेहमीपेक्षा लांबली.

"दाजी, असं काय बोलता? कोण म्हणालं?"

"तुझी बहीण म्हणाली."

मग येरेमीचा आवाज बदलला, वेगवेगळा होत गेला. आधी तो रडवेला होता. एक लाकडाचा व्यापारी ओळखीचा झाला, त्यानं नुसतं विचारलं, यानं नुसतं दाखवलं, ते एवढं करतील असं वाटलं नव्हतं. मग उसात काहीच बोलत नाही असं पाहून तो चिडला.

"आणि झाडं काय तुमच्या बापानं लावली होती? सापडली होती. त्यांना सापडली, यांना सापडली. तुम्ही तर नुसती खरवडत बसला होता पिढ्यान्‌पिढ्या!"

"तुझी शाळा त्या खरवडण्यातून झाली, येरेमी."

"झाली ना. किती वेळा ऐकवणार?"

एकदाही ऐकवलं नव्हतं. आज पहिल्यांदा. उसातच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला स्वतःचाच राग आला.

"मी चोरी नाही केली, दाजी," येरेमी म्हणाला. "तुम्हीच पाठवत होता. तुमच्यासमोर दुकानदारानं विचारलं, कुणाला कळू दे, आणि तुम्ही मान डोलावलीत."

उसातनं फोन कानापासून दूर केला. आतून अजून बारीक आवाज येत होता, दाजी, दाजी, म्हणून. त्यानं बटण दाबून तो बंद केला. त्या लेकरानं त्याच्या पायांत बसून हीच नदी उतरली होती.

संध्याकाळच्या आत त्यानं पुईंपुढे सगळं सांगितलं, व्हरांड्यात, लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात. बायकोचं नाव गाळावं असं त्याला वाटून गेलं, पण त्यानं गाळलं नाही. पुईंनी बराच वेळ तंबाखू चघळली.

"म्हणजे दात खरं बोलला," ते म्हणाले.

"हो, पुई."

"मग तुला काय करायचं ते ठाऊक आहे."

ठाऊक होतं. ज्यानं निर्दोष माणसापुढे दात सरकवला त्यानं काशाची घंटा घेऊन त्याच्या दारात जायचं. ही रीत. पण रीतीच्या पोटात आणखी एक रीत आहे. परक्यानं घंटा आणली तर ती ठेवून घेतात, दंड म्हणून. आपल्या माणसानं आणली तर घेत नाहीत. पायरीवरून खाली भिरकावतात, आणणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारतात, वेळ पडली तर दोन मुस्काटात देतात, आणि मग ओढून आत नेऊन जेवायला बसवतात. उसातच्या बापाची आणि बिलुंगच्या बापाची एकदा अशीच घंटा झाली होती, आणि तिचा पोचा दोघं म्हातारे पुढे हसून दाखवायचे.

सकाळी त्यानं बापाची घंटा पाठीवर बांधली, थाळीएवढी, मधोमध उंचवटा असलेली, घरातली सगळ्यांत भारी वस्तू. होडी वल्हवताना तो बिलुंगच्या शिव्या मनात ऐकत होता. बिलुंगइतक्या रंगीत शिव्या साऱ्या खोऱ्यात कुणाला यायच्या नाहीत. "माकडाच्या मेव्हण्या" इथून तो सुरुवात करील. करू दे. मुस्काटात मारू दे. दोन्ही गाल त्याचेच. उसातला त्या शिव्यांची अशी भूक लागली होती की घंटेचं वजनही त्याला जाणवत नव्हतं.

बिलुंग झोपडीच्या पायरीवर वेत सोलत बसला होता. त्यानं उसातला येताना पाहिलं, घंटा पाहिली, आणि सुरी खाली ठेवली. उसातनं घंटा पायरीवर ठेवली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. दुकान, मेल, ठिपका, ओढा, येरेमी, उरिंग. एकही गोष्ट स्वतःच्या बाजूनं वळवली नाही.

"माझी चूक झाली," उसात शेवटी म्हणाला. "मला फसवलं त्यांनी. माझ्या घरच्यांनीच फसवलं."

"तुला त्यांनी फसवलं," बिलुंग म्हणाला. आवाज शांत होता. "त्यांचं ते बघतील. मला त्यांनी नाही रे फसवलं. येरेमी मला विचारायला आला नव्हता. उरिंगनं माझ्याकडे बोट केलं नव्हतं. दात चटईवरून उचलून माझ्यापुढे कुणी सरकवला?"

"मी."

"मला विचारायचंस. परत येताना एवढी वाट होती. एकदा मागे वळून विचारलं असतंस, बिलुंग, तू होतास का? मी नाही म्हटलं असतं. तेवढ्यानं भागलं असतं."

उसातला वाटलं आता, आता तो उठेल आणि लाथ घालील. त्यानं मान खाली घातली आणि वाट पाहिली.

बिलुंगनं वाकून घंटा उचलली. पालथी करून कड पाहिली, मग बोटांच्या पेरांनी मधल्या उंचवट्यावर हलकेच वाजवली. आवाज भातशेतावरून पार नदीपर्यंत गेला.

"चांगली आहे," तो म्हणाला. "तुझ्या बापाची ना?"

"हो."

त्यानं बायकोला हाक मारली आणि घंटा तिच्या हातात दिली. "आत ठेव. कोरड्या जागी." मग उसातकडे वळून, बाजारात सौदा पुरा झाल्यावर बोलतात तशा नीट, सभ्य आवाजात म्हणाला, "फिटलं. पुईंना सांग, मी घेतली म्हणून."

तो पुन्हा वेत सोलायला बसला. आतून भाताचा आणि धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा वास येत होता. उसात थोडा वेळ तिथंच उभा राहिला. त्याला कुणी जेवून जा म्हटलं नाही.